तिच्या पट्ट्याचं बकल

लखनौ विमानतळावर बायकांच्या सुरक्षा तपासणीला हल्ली बहुतेक वेळा ती एकटीच शिपाई असते. तपासणारी माणसं कमी, त्यामुळे रांग पार दारापर्यंत. आजारी बाबांसाठी मी दर महिन्याला पुण्याला जायचे, म्हणून तिला चेहऱ्याने ओळखते. नाव कधी विचारलं नाही. "हाथ ऊपर, दीदी. घूम जाइए. हो गया." एवढ्यात एकेक बाई मोकळी. वैतागून तोंड सोडणारीशीसुद्धा आवाज तोच, पाहुणीला पाणी विचारावं तसा.

एकदा रांगेतच भावाचा फोन आला. बाबा गेले. पडद्याआड तिच्यासमोर हात वर केले आणि मला रडूच फुटलं. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "मैडम, फ्लाइट छूट जाएगी!" तिने हातातलं धातू शोधायचं यंत्र स्वतःच्याच पट्ट्याच्या बकलावर टेकवलं. ते वाजतच राहिलं. "मशीन बोल रही है, टाइम लगेगा," ती बाहेर म्हणाली आणि मग मला, हळूच, "रो लीजिए." नंतर मात्र नीट तपासूनच सोडलं.

परवा आईकडे निघाले, तर पुन्हा तीच. तिने ओळख दाखवली नाही. "हाथ ऊपर, दीदी. हो गया." मी पडदा सारला आणि मागे यंत्र एकदाच वाजलं. वळून पाहिलं, तर ते तिच्या बकलावर होतं.