मागाच्या खोलीतलं ऑफिस

कायमचं घरून काम करायची परवानगी मिळाली, त्याच दुपारी मी मागाच्या खोलीची कडी काढली. वडगावातल्या आमच्या घराची ही पुढची खोली. सासरे गेल्यावर त्यांचा हातमाग विकला, तरी खोलीचं नाव तेच राहिलं. आत रिकामी पिंपं, चाक नसलेली सायकल आणि धुळीचा थर. पण मी उंबऱ्यात उभी राहिले आणि टेबल कुठं बसेल, दिवा कुठं लागेल, सगळं दिसायलाच लागलं.

माझं काम फोनवरचं. ग्राहकांच्या तक्रारी ऐकायच्या, कधी मराठीत, कधी कन्नडात, कधी हिंदीत. तोवर मी पलंगावर मांडी घालून, उशीवर लॅपटॉप ठेवून बोलत असे. मध्येच कुकरची शिट्टी झाली की पलीकडचा माणूस विचारायचा, "मॅडम, जेवायला बसलाय काय?"

सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. त्यांना मी बेत सांगितला. त्या म्हणाल्या, "कर की. न्हायतरी खोली उंदरांचीच झाल्या."

रविवारी मी आणि नवऱ्यानं खोली उपसली. माग रोवलेल्या जागी जमिनीत खड्डे होते, ते सिमेंटनं बुजवले. भिंतींना फिकट पिवळा रंग मी स्वतः दिला. खुर्ची मात्र चाकांचीच हवी होती. ती स्कूटरवरून आणली. नवरा पुढं, मी मागं, मध्ये उलटी खुर्ची, तिची चाकं वाऱ्यानं गरागरा फिरतायत. गल्लीच्या तोंडाशी एक आजोबा थांबून म्हणाले, "कोन आजारी हाय गं?" आम्ही घरापर्यंत हसत आलो.

टेबल मांडलं ते छपरातल्या काचेच्या कौलाखाली. उजेड छान, पण दुपारी ऊन थेट स्क्रीनवर. मग खिडकीपाशी नेलं, तिथून रस्त्यावरचा प्रत्येक जण आत डोकावे. शेवटी भिंतीकडं तोंड करून ठेवलं, डाव्या बाजूनं उजेड येईल असं. नवरा म्हणाला, "आता हलवायचं न्हाय." मी मान डोलावली आणि तो गेल्यावर आणखी वीतभर सरकवलं.

खरी अडचण दुसऱ्या दिवशी कळली. भिंतीपलीकडं शेजाऱ्यांचे खडखडणारे पॉवरलूम. मी मैत्रिणीला फोन लावून पाहिला, तर ती म्हणाली, "रेल्वेत बसल्यास काय?" माझं तोंड उतरलं. शेजाऱ्यांचं पोट त्या मागावर, त्यांना काय सांगणार?

संध्याकाळी आत्तींची ट्रंक उघडी होती. त्या जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या वाकळा ऊन देऊन घड्या घालून ठेवत होत्या. जाड, ठिगळाठिगळांच्या. मी विचारलं, "आत्ती, यातल्या दोन भिंतीला लावू?"

"भिंतीला? वाकळ अंगावर घ्यायची असत्या गं. लोक हसतील."

"कामावरचे लोक भिंत बघत न्हाईत. आवाज ऐकतात."

त्यांनी हातातली घडी खाली ठेवली. मग स्वतःच ट्रंकेतल्या तळाच्या दोन काढल्या. "लावायच्याच तर चांगल्या लाव. ह्यात माझं लग्नातलं लुगडं हाय."

नवऱ्यानं लाकडी पट्टी ठोकली. आत्ती खाली उभ्या राहून "डावीकडं वर घे रं" म्हणत होत्या. वाकळा टांगल्या आणि खोलीचं रूपच पालटलं: हिरवं, डाळिंबी, हळदी, सगळे रंग एका भिंतीवर. मागांचा आवाज गेला नाही, पण बोथट झाला. मैत्रिणीला पुन्हा फोन केला. तिला फक्त मीच ऐकू आले.

पुढच्या सोमवारी मी केस विंचरून, चांगली साडी नेसून खुर्चीत बसले. कुणी बघणार नव्हतं, तरी. पहिला फोन कन्नडात होता, बाई फार चिडलेल्या. मी पाय टेकवून, पाठ टेकवून शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचं काम केलं. हेडफोन काढला तेव्हा लक्षात आलं, मान दुखत नाही.

आता घरी कुणी पाहुणं आलं की आत्ती त्यांना चहाआधी तिथं नेतात. परवा गुंजीहून नणंद आलती. तिला दारातच थांबवून त्या हळूच म्हणाल्या, "सूनबाई कामात हाय. लांबनंच बघ."