मोदकपात्राची नोंद

आमच्या नात्यात लग्न ठरलं की आधी हॉल, मग आचारी आणि मग मी, या क्रमाने ठरवाठरव व्हायची. माझं काम आहेर लिहिण्याचं. दाराशी टेबल, त्यावर लांबडी वही, दोन पेनं आणि वस्तूंवर चिकटवायला नंबराच्या चिठ्ठ्या. पहिल्या रकान्यात वस्तू, दुसऱ्यात देणारा, तिसऱ्यात भांड्यावर नाव घातलंय की नाही. तिसरा रकाना माझी स्वतःची भर. देणाऱ्याचं नाव कोरलेलं भांडं पुढे कुणाला देता येत नाही, बिननावाचं मात्र दुसऱ्या लग्नात खपवता येतं. बायका हा हिशोब डोक्यात ठेवत आणि चुकत. एकदा आमच्या आत्याने दिलेला हंडा फिरत फिरत आत्याच्याच घरी आला. त्या दिवसापासून मी चौथा रकाना आखला: वस्तू पुढे कुठे गेली.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझ्या चुलत बहिणीचं लग्न झालं, तेव्हाही टेबलाशी मीच होते. ती माझ्याहून पाच वर्षांनी लहान. नवरा इगतपुरीला रेल्वेत होता.

चार वर्षांनी ती एकटी नाशिकला परत आली. सासूशी वाजलं होतं. निघताना तिच्या लहान मुलीच्या अंगात कसकस होती. सासू म्हणाली, हिला आज नको नेऊस, तू पुढे हो, दोन दिवसांनी पाठवते. मुलगी आलीच नाही. सात महिने गेले. दोनदा ही इगतपुरीला जाऊन आली, दोन्ही वेळा क्वार्टरला कुलूप होतं आणि शेजारच्या दाराआडून पोरीचा आवाज येत होता.

काकांनी कोर्टाचं नाव काढू दिलं नाही. कोर्टात तारखा पडतात, नातेवाइकांची तोंडं सुटतात, धाकट्या मुलाचं लग्न अडतं. त्याऐवजी बैठक ठरली. सामान परत घ्यायचं, स्टॅम्प पेपरवर फारकत लिहायची, मुलगी बापाकडे. शेवटचं कलम काकांनीच घातलं होतं. "पोरीसकट हिला कोण करून घेणार?" ते आमच्या घरी येऊन सांगून गेले. आम्हा सगळ्यांना ते पटलं. मलाही.

बैठकीच्या आधीच्या शुक्रवारी ती माझ्या ऑफिसात आली. मी तेव्हा एका शाळेत क्लार्क होते. मधली सुट्टी होती. ती खुर्चीवर बसलीसुद्धा नाही.

"ताई, वही सापडत नाही म्हणून सांग."

"माझी वही? सापडत नाही?"

"एकच रविवार. बुधवारी पोरीसाठी कोर्टात माझा अर्ज दाखल होतोय. वकीलबाई म्हणाल्या, तोवर कशावरही सही करू नका. मूल देते असं स्वतःच्या हाताने लिहून दिलं की पुढे लई अवघड."

"मग करू नकोस ना सही."

"पप्पा आणि दादा दोन्ही बाजूंना बसल्यावर?" ती हसली. "तू केली नसतीस?"

तिने सगळा विचार करून ठेवला होता. वहीशिवाय सामान मोजता येणार नाही, सामान मोजल्याशिवाय लेख होणार नाही. मी म्हटलं, बघते. तिने माझा हात दाबला आणि गेली.

शनिवारी काकांचा फोन आला. "वही काढून ठेवलीस ना गं?"

"हो काका. टेबलावरच आहे."

ती खरंच टेबलावर होती. माझी एखादी वस्तू सापडत नाही, असं मला कधी कुणापुढे म्हणावं लागलं नव्हतं आणि त्या दिवशीही ते तोंडातून निघालं नाही. शिवाय मला वाटत होतं की चार मोठी माणसं बसली की दोन तासांत जे सुटतं, त्याला कोर्ट कशाला. हे मी अजूनही पुष्कळांकडून ऐकते. आता मान हलवत नाही, एवढंच.

बैठक घोटीला होती. मधल्या गावी, म्हणजे कुणी कुणाच्या दारात आलं असं होत नाही. दोन्हीकडचे लांबचे मामा लागणाऱ्या एका गृहस्थांची तिथे भाताची गिरणी होती, रविवारी बंद. अंगणात ताडपत्री अंथरली होती. कोपऱ्यात तुसाचा ढीग. बहीण काकूशेजारी बसली होती. तिने माझ्या काखेतली वही पाहिली. मग मान फिरवली.

टेम्पो आला. पुढे ड्रायव्हरशेजारी सासू आणि तिच्या मांडीवर मुलगी. सात महिन्यांत उंच झाली होती, फ्रॉक गुडघ्याच्या बराच वर गेला होता. बहीण उठली. तिच्या भावाने दंड धरून तिला खाली बसवलं. "आधी सामान," तो म्हणाला.

मी नंबर वाचायचे, दीर टेम्पोतून वस्तू उचलून दाखवायचा, आमचा भाऊ ती ताडपत्रीवर मांडायचा. सख्ख्या मामाचं नाव घातलेलं घंगाळ. पितळी डबे, उतरत्या क्रमाने पाच. कुकर, शिट्टीसकट. प्रत्येक वस्तूवर साडेचार वर्षांपूर्वीची माझी चिठ्ठी किंवा तिचा डाग होता. काम छान चाललं होतं.

"घ्या मोजून, विहीणबाई," सासू टेम्पोतूनच म्हणाली. "भांडी लय दिली तुम्ही. रांधायचं शिकवायचं तेवढं राहिलं."

काकू थांबणारी नव्हती. "रांधायला पिठाच्या डब्याला कुलूप नसावं लागतं."

"बायांनो, जिभा नंतर," गिरणीवाले मामा म्हणाले. "मला चारला इगतपुरीला बारशाला जायचंय. पुढचा नंबर बोल गं."

पुढचा नंबर त्रेचाळीस होता. मोदकपात्र, तांब्याचं.

दिराने टेम्पोत वाकून पाहिलं. गोणपाट उचकलं. "हे नाय."

"असलं काय आमच्याकडं आलंच नव्हतं," सासू म्हणाली. "क्वार्टरात कोण मोदक उकडतंय?"

तेव्हा बहीण पहिल्यांदा बोलली. "आलं होतं. मला ते पाहिजे."

"जाऊ दे गं, दुसरं घेऊ," भाऊ म्हणाला.

"दुसरं नको. तेच. ते मिळाल्याशिवाय मी सही करणार नाही."

ताडपत्रीवरचे सगळे तिच्याकडे वळले. एवढ्या मोठ्या गोष्टी हिने मुकाट्याने सोडल्या आणि मोदकपात्रावर अडून बसली, याचं त्यांना नवल वाटत होतं. काका दातओठ खात होते. सासू खाली उतरली. "चोर म्हणतीस व्हय आम्हाला?"

"नाही. शोधा म्हणते."

आतापर्यंत बुटाच्या टोकाने तूस उकरत बसलेला नवरा म्हणाला, "आई, माळ्यावर असंल. शोधून पुढच्या रविवारी आणू."

मामांनी घड्याळ पाहिलं. "मग पुढच्या रविवारीच बसू. लेखही तेव्हाच. अर्धंमुर्धं काम मी करत नाय."

पुढचा रविवार बुधवारनंतर येतो. त्या अंगणात हे दोघींनाच कळत होतं. ती स्वतःच्या बांगड्यांकडे बघत होती. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. मी फक्त वही मिटायची होती.

पण त्रेचाळीस नंबरच्या ओळीत, चौथ्या रकान्यात, हिरव्या शाईत माझंच बारीक अक्षर होतं.

"थांबा," मी म्हटलं. "मोदकपात्र यांच्याकडे गेलंच नव्हतं. त्यावर नाव नव्हतं, म्हणून काकूने ते आठवड्याभरात आत्याच्या मुलीच्या लग्नात देऊन टाकलं. इथे नोंद आहे."

मग सासू टाळी देऊन हसली. "घ्या! आणि चोर आम्ही!" दीर हसला, मामा हसले, पदराआडून काकू हसली, आमचा भाऊसुद्धा हसला. हसण्याने बैठक एकदम सैल झाली. कुणीतरी चहा सांगितला. मामा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाब्बास पोरी. अशी वही घरोघरी असली तर कोर्टाला टाळं लागंल."

मला बरं वाटलं. खरं तेच लिहिते. त्या क्षणी मुलगी माझ्या डोक्यात नव्हती. नोंद सापडली, वाद मिटला, रकाना जुळला, याचाच आनंद झाला होता. ते मोदकपात्र काकूने गुंडाळलं तेव्हा कागदावर दोरा धरायला बहीणच बसली होती, हे मला घरी परतताना बसमध्ये आठवलं.

तिने सही केली. पेन माझंच होतं. खाली साक्षीदार म्हणून माझीही सही झाली, कारण अक्षर चांगलं. मग तिने विचारलं, "आता घेऊ का तिला?" काकांनी मामांकडे पाहिलं, मामांनी सासूकडे. सासू म्हणाली, "आता कशाला सवय लावता?"

मुलगी टेम्पोच्या खिडकीत उभी होती. सासूने तिचा हात मनगटाला धरून बहिणीच्या दिशेने हलवला. "मावशीला टाटा कर."

मुलीने टाटा केला. रिकामा टेम्पो फार खडखडतो. हायवेला लागेपर्यंत ऐकू येत होता.

बुधवारी ती वकीलबाईंकडे गेली होती म्हणे. लेखाविरुद्ध लढता येईल, पण सही दबावाखाली झाली हे सांगणारा त्या बैठकीतला कुणीतरी माणूस लागेल, असं त्या म्हणाल्या. ती माझ्याकडे आली नाही. मीही गेले नाही. त्या महिन्यात शाळेच्या परीक्षा होत्या.

पुढच्या वर्षी सटाण्याकडच्या एका बिजवराशी तिचं लग्न लावलं. त्याला आधीच्या दोन मुली होत्या. आधी स्वतःच्या पोरीची अडचण होती, आता दुसरीच्या दोघी तिच्या पदरात. ताडपत्रीवर मोजलेलं सगळं सामान त्या घरी गेलं आणि मी चौथा रकाना भरला. मामांनी माझं नाव पसरवलं, त्यामुळे मला आणखी तीन बैठकांना बोलावणं आलं. मी गेले. वही उघडायची, वाचायचं, सही करायची, चहा.

दोन हजार साल उलटल्यावर आम्ही नाशिक रोडला फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला ती सटाण्याहून एकटी आली. केस अर्धे पिकले होते. जेवली, पंगतीत दोनदा वाढलंही, आणि निघायच्या वेळी कागदात बांधलेलं जड काहीतरी माझ्या हातात ठेवलं.

"आत्ताच उघड."

तांब्याचं मोदकपात्र होतं, नवं. झाकणाच्या कडेला नाव कोरलेलं होतं. मी तिचं असेल असं समजून वाचलं. तिच्या मुलीचं होतं, बापाच्या नावासकट.

"अगं, हे तिने कुठे दिलंय? तिला तर माहीतही नसेल."

"तिला मीही माहीत नाही. मागे इगतपुरीच्या स्टेशनवर दिसली. काकू, जरा सरका, म्हणाली. सरकले." तिने चपला घातल्या. "वही आण ना. लिहून घे माझ्यासमोर."

मी वही आणली. उभ्या उभ्याच लिहिलं. वस्तू: मोदकपात्र, तांब्याचं. देणारा: मुलीचं पूर्ण नाव. नाव घातलंय का: हो. तिने वाकून तिन्ही रकाने वाचले, अक्षर चांगलंय तुझं अजून, म्हणाली आणि चारच्या बससाठी निघाली.

ते भांडं माझ्या माळ्यावर आहे. दर गणपतीला इतर डबे काढताना हाताला लागतं. त्यात मोदक उकडवत नाहीत आणि नाव घातलेलं असल्यामुळे ते पुढे कुणाला देताही येत नाही. त्या ओळीतला चौथा रकाना कोरा आहे.