हिरवं बटण

पवन सर आमच्या मंगरूळपीरच्या कॉलेजात पोरांना मोबाईलचं ॲप बनवायला शिकवतात. तासिका तत्त्वावर, म्हणजे दर वर्षी नवी ऑर्डर निघेपर्यंत माणूस लटकलेलाच. मी तिथलाच ग्रंथपाल. माझ्या वाचनालयात पेपरातल्या क्रिकेटच्या पानाखेरीज कुणी काही वाचत नाही, त्यामुळे लोकांकडे बघायला मला भरपूर वेळ मिळतो, आणि बघून चिडायलाही.

लॅबमधले कॉम्प्युटर इतके जुने की त्यांच्यावर ॲप चालवून बघायची सोयच नाही. मग सर स्वतःचा फोन वायरने एकेका पोराच्या मशीनला जोडतात. ॲप उघडलं की पोरगं ओरडतं आणि सर वायर काढून पुढच्या टेबलाकडे सरकतात. रिठदच्या शेतकऱ्याचा हा मुलगा पुण्यातली नोकरी सोडून इथे का आला, हे मी एकदा विचारलं होतं. "तिथं माह्यासारखे हजार हायेत, इथं मी एकटा," म्हणाले. मला ते फार आवडलं होतं.

गेल्या वर्षी त्यांच्या वर्गात अंजू होती, जऊळक्याकडच्या एका तांड्यावरची. दिवाळी झाली की तांड्यावरची धडधाकट माणसं मुकादमाबरोबर ऊसतोडीला जातात. मागे उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. उसाच्या फडात नेटवर्क धड नसतं आणि म्हाताऱ्यांना वाचता येत नाही. अंजूचं ॲप त्यांच्यासाठी होतं. आपल्या माणसाचा फोटो दाबायचा, बोलायचं, बटण हिरवं झालं की निरोप गेला. तिकडचा फोन नेटवर्कमध्ये आला की त्याला आवाज ऐकू येणार. सरांना हे इतकं आवडलं की दिवाळीआधी ते स्वतः तांड्यावर गेले आणि जाणाऱ्यांच्या फोनमध्ये ॲप टाकून आले. मागे राहणाऱ्यांसाठी अंजूची आई सोनीबाई हिचा फोन ठरला; पोरीच्या कॉलेजामुळे ती ऊसतोडीला जात नसे.

चूक तिथेच झाली. ॲप माणसाला ओळखायचं ते मोबाईल नंबरावरून. सगळीकडे तसंच करतात, सरांनी तसंच शिकवलं. पण तांड्यावरची माणसं दर हंगामात तिकडे गेली की नवं सिम घेतात आणि जुनं टाकून देतात. अंजूला हे लहानपणापासून माहीत. तिला वाटलं, सर एवढे शिकलेले, त्यांना ठाऊक असणारच. सरांना वाटलं, पोरगी तांड्यावरचीच आहे, अडचण असती तर बोलली असती. एक गोष्ट मात्र तिने विचारली होती. मी तेव्हा लॅबमध्येच होतो, प्रिंटरसाठी कागद मागायला गेलो होतो.

"सर, समोरच्यानं ऐकल्यावरच बटण हिरवं करू काय?"

"त्याले लय काम लागते, अंजू. सध्या आपल्याकडून निघालं की हिरवं होऊ दे. परीक्षेपुरतं चालते."

पौषात तांड्यावरचे गोविंदसिंग आजारी पडले. एकुलता मुलगा बादल आणि सून शीला, दोघंही ऊसतोडीला गेलेले. म्हातारा रोज सकाळी काठी टेकत सोनीबाईच्या दारी यायचा, बादलचा फोटो दाबायचा आणि बोलायचा. बटण हिरवं व्हायचं. सोनीबाईने एकदा विचारलं, "मुकादमाले फोन लावू काय?"

"कायले? रोज तर सांगून राह्यलो त्याले. येईन तो."

असे सतरा दिवस गेले. अठराव्या दिवशी म्हातारा उठलाच नाही.

मग मुकादमाला फोन गेला. बादल पोचला तोवर अग्नी देऊन झाला होता. तांड्यावर कुणी त्याच्याशी धड बोलेना. बाप रोज बोलावत होता आणि पोरगा आला नाही, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. "मले एक बी निरोप नाई आला," असं तो शपथेवर सांगत होता, पण ऐकतो कोण? अंजूने रडत रडत हे सगळं सरांना सांगितलं. सरांनी लॅपटॉप उघडला. सतरा निरोप जागच्या जागी पडून होते, बादलच्या बंद पडलेल्या नंबराच्या नावावर.

"चला माह्यासंग," सर मला म्हणाले, आणि मी त्यांच्या गाडीवर मागे बसलो. मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू? परीक्षेपुरतं, हा शब्द आम्ही कॉलेजवाले किती सहज वापरतो. पण तांड्यावर चारचौघांत उभे राहून ते बोलायला लागले, तेव्हा माझा राग कुठल्या कुठे गेला.

"बादलची चूक नाई," ते म्हणाले. "चूक माही हाय. या पोरीनं विचारलं होतं, मीच नाई म्हटलं. बटण हिरवं होत होतं, पण निरोप पोचतच नव्हता."

लोकांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. बादलने फक्त विचारलं, "ते निरोप अजून हायेत काय?"

सरांनी त्याचा नवा नंबर यादीत टाकला आणि बादलचा फोन वाजायला लागला, सतरा वेळा. एकट्यानं ऐक, असं सरांनी त्याला सुचवलं, पण बादलने निरोप सगळ्यांसमोर लावले. पहिले साधेच होते. खोकला आहे, शेळी व्याली, शीलाले जप. नंतर नुसतं 'ये, ये' एवढंच. शेवटच्या निरोपात आवाज ओळखू येत नव्हता.

"बादल, काहून बोलत नाही रे? मी दिवाळीत तुले बोललो, त्याचा राग हाय काय अजून? सोडून दे ना बापा. चुकलं माह्यं."

सोनीबाईने तोंडाला पदर लावला. सर खालीच बसले. बादल मात्र फोन तोंडाजवळ धरून त्यालाच सांगत राहिला, "नाई, बा. राग नव्हता. तू काय बोलला होता ते मले आठवत बी नाई."