गेल्या खेपेनंतरचं तेवढं सांगा

एकच गोष्ट दोनदा ऐकणं हे पाप आहे असं मनापासून मानणारा, आणि त्या पापापासून जन्मभर चार हात लांब राहिलेला माणूस या पृथ्वीतलावर एकच झाला, आणि तो नेमका आमच्या समोरच्या दारात राहायला आला. मी चित्रकलेचा मास्तर. माझी हयात पोरांकडून तीच फुलदाणी पुन्हा पुन्हा काढून घेण्यात गेली, आणि बोलतानाही मला तेच ते घोळवायची सवय. अशा माणसाला अख्खं माणिकपूर सोडून हाच शेजार मिळावा, याला नशीब म्हणतात. आले त्या दिवशी मी त्यांना चहाला बोलावून माझ्या गुडघ्याची साद्यंत कथा ऐकवली. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले तेव्हा ती पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, तर हात जोडून अगदी नम्रपणे म्हणाले, "मास्तर, आपलं मालिशवाल्यापर्यंत झालंय. गेल्या खेपेनंतरचं तेवढं सांगा."

याचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. एका मोठ्या कंपनीचा डेटा हलवायचं त्यांचं काम, आणि अलीकडे ते घरूनच चाले. कंपनीच्या तक्त्यांत रोज गिऱ्हाइकांच्या हजारो नव्या ओळी भरल्या जात, त्या उचलून एका प्रचंड कोठारात नेऊन टाकायच्या. रोज सगळा तक्ता पहिल्या ओळीपासून उपसायचा म्हटलं तर दिवस पुरायचा नाही. म्हणून काल कितव्या ओळीपर्यंत आणलं तो आकडा लक्षात ठेवायचा, आणि आज त्याच्या पुढचं तेवढं आणायचं. हे त्यांनी मला समजावून सांगितलं, अर्थातच एकदा. मला ते पटलंही. पण सामान्य माणूस कामावरून उठला की काम तिथंच ठेवतो, यांनी ते साऱ्या संसारभर पसरलं. सोसायटीच्या सभेला तासभर उशिरा यायचे आणि दारातूनच म्हणायचे, "मी ठराव क्रमांक अकरापर्यंत आहे, बारापासून सांगा." एकदा मी त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेलो होतो. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? हे म्हणाले, "परवापासून कान दुखतोय." डॉक्टर म्हणाले, "आणि तो महिन्यापूर्वीचा खोकला?" त्यावर हे शांतपणे म्हणाले, "तो तुमच्याकडे आधीच नोंदलेला आहे." तेवढ्यात त्यांना खोकल्याची उबळच आली नसती, तर त्या खोकल्याचं पुढं काय झालं हे डॉक्टरांना कळलंच नसतं.

त्यांच्या पद्धतीतली खोड मला कळली ती सत्यनारायणाच्या दिवशी. सोसायटीतल्या माणसांची यादी त्यांच्याकडे असायची. नवीन बिऱ्हाड आलं की हे त्याच संध्याकाळी नावं चढवत. प्रसादाचा शिरा त्या यादीबरहुकूम केला, आणि चोवीस फ्लॅटांच्या इमारतीत दोनशेच्या वर माणसं निघाली. सोडून गेलेले भाडेकरू, सासरी गेलेल्या मुली, इतकंच काय, देवाघरी गेलेल्या दोन आजीबाई, सगळ्यांच्या वाटचा शिरा आम्ही बुधवारपर्यंत खात होतो. मी चिडवलं तेव्हा जरा ओशाळून म्हणाले, "यात तेवढं आहे खरं, मास्तर. आलेलं कळतं. पण जुनीच ओळ कुणी हळूच बदलली, किंवा खोडून टाकली, तर इकडे पत्ता लागत नाही. कामात आम्ही दर तीन महिन्यांनी दोन्हीकडचं सगळं समोरासमोर ठेवून जुळवतो." मी म्हटलं, "मग घरी का नाही जुळवत?" तर हसून म्हणाले, "घरी कोण खोडतंय?"

या माणसानं दोनदाच काय, शंभरदा सांगितलेली गोष्ट एकच, ती म्हणजे त्यांची वाडी. जवळच्या होळी गावात त्यांच्या वडिलांची वाडी होती, आणि आबा तिथं एकटेच राहायचे. पंचावन्न पुरी झाली की नोकरी सोडायची आणि आबांच्या हाताखाली वाडी करायची, हे यांचं स्वप्न. ते सांगताना त्यांना आपला नियम आठवत नसे, आणि मीही आठवण करून देत नसे, कारण तेवढ्या वेळापुरता त्यांचा चेहरा फार देखणा दिसायचा. वाडीतल्या प्रत्येक झाडाला त्यांनी नंबर दिला होता. नारळ, सुपारी, सोनचाफा, रामफळ, सगळी झाडं कॉम्प्युटरवर ओळीनं उभी होती. दर रविवारी दहाच्या ठोक्याला आबांना फोन जाई, "आबा, गेल्या रविवारनंतर नवीन काय?" आबा म्हणत, "दोन चाफे लावले." दोन ओळी वाढत. नाहीतर म्हणत, "नवीन काय नाय." मग यादी तशीच राही. रिक्षानं पंधरा मिनिटांवर वाडी, पण हे जात ते दिवाळीला आणि गणपतीला, ओटीवर बसून चहा घेत आणि परत येत. मागं जाऊन बघायचं काय, सगळं तर यादीत आहे.

वाडीत मी मात्र जात असे. आमच्या हिला आबांच्या हातचीच वांगी लागत. तीन वर्षांपूर्वी असाच गेलो असताना आबा मला मागं घेऊन गेले. तिथं त्यांचं बावखल होतं, म्हणजे पावसाचं पाणी धरून ठेवायचं वाडीतलं जुनं तळं. त्यातलं पाणी मुरतं म्हणून शेजारची विहीर गोड राहते. ते गाळानं भरत भरत आता परातीएवढं उथळ झालं होतं, विहिरीत खारं उतरायला लागलं होतं, आणि पूर्वेकडच्या पाच-सहा नारळांचे शेंडे वाळले होते. "एकदा गाल उपसाया होवा," आबा म्हणाले. "माझ्या एकट्याच्यानं होत नाय." मी म्हटलं, मुलाला सांगा की. आबा पाण्याकडे बघत म्हणाले, "तो इचारतो ते सांगतो मी. गाल काय आजचा हाय?"

मी वांगी घेऊन परत आलो. हे जिन्यात उभेच होते. विचारलं, "वाडीवरून आलात ना? नवीन काय?" आता खरं लिहितो. मला त्या प्रश्नाचा राग आला. मनात म्हटलं, मोडू दे यांची खोड, एकदा तरी यांनी स्वतः जाऊन बघावं. आणि मी म्हणालो, "नवीन काही नाही." ते समाधानानं आत गेले. पुढं सांगू, उद्या सांगू, असं मी म्हणत राहिलो, आणि मग इतके दिवस गेले की सांगायचीच लाज वाटायला लागली. तेव्हा गाळ काढला असता तर बरीच झाडं वाचली असती. हे मला कुणी सांगायची गरज नाही.

गेल्या वर्षी त्यांनी खरोखरच नोकरी सोडली. पहिल्याच रविवारी यादीचे कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून ते निघाले, आणि आग्रहानं मलाही घेऊन गेले. आबा ओटीवरून उठून आमच्या मागं मागं चालू लागले. यादीत झाडं दोनशे चौदा. सोळापर्यंत बरं चाललं. मग हे एका मोकळ्या जागेपाशी थांबले.

"आबा, सतरा नंबर?"

"रामफल ना. गेलं."

"कधी?"

"झाली की तीनेक वर्सं."

ते अठराकडे गेले, मग एकोणीसकडे. काही ठिकाणी खुंट होते, काही ठिकाणी नुसती पांढुरकी जमीन. प्रत्येक ठिकाणी आबा मागून हळू आवाजात सांगत, हा गेला, हा पन गेला, जणू त्यांचाच काही अपराध होता. पूर्वेच्या कुंपणाशी पोचेपर्यंत यांच्या हातातली पेन्सिल थांबली होती.

"आबा, दर रविवारी फोन करत होतो मी. एका शब्दानं बोलला नाहीत."

"नवीन लावलं ते सगलं सांगितलं का नाय?" आबा म्हणाले. "तू नवीन काय ते इचारायचास. गेलेलं नवीन म्हनून कसं सांगू?"

यांनी पेन्सिल खिशात ठेवली. थोड्या वेळानं माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, तुम्ही येता ना इथं भाजीला?" मी म्हटलं, "येतो." "मग दिसलं असेल तुम्हाला." मी म्हटलं, "दिसलं होतं." त्यांनी फोल्डर मिटलं. ते मला बोलले असते, चार शब्द सुनावले असते, तर मला ते फार सोपं गेलं असतं. बोलले नाहीत. आजही आमचं बोलणं पूर्वीसारखंच आहे, फक्त आता ते मला काही विचारत नाहीत.

त्या दिवसापासून ते वाडीतच राहतात. उन्हाळ्यात जेसीबी लावून बावखल उपसलं. आबा काठावर खुर्ची टाकून दिवसभर बसलेले असत आणि गाळाची प्रत्येक खेप निरखून बघत. संध्याकाळी हे बापाशेजारी खाली मातीत बसून विचारत, ही विहीर खणली कुणी, तो पहिला नारळ कुठून आणला, आणि आबा सांगत. तीच गोष्ट दुसऱ्या दिवशी आबा पुन्हा सांगत, आणि हे पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून घेत. विहीर पुन्हा गोड व्हायला निदान पाच-सहा पावसाळे लागतील, असं जाणकारांनी यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. आबांचं वय त्यांना माहीत होतं, म्हणून ते आबांसमोर बोलले नव्हते.

पाऊस झाला, बावखल काठोकाठ भरलं. दिवाळीनंतर मी गेलो तेव्हा यांनी विहिरीचं पाणी शेंदून पेला आबांच्या हातात दिला होता. आबांनी घोट घेतला, तोंडात घोळवला, मुलाकडे बघितलं आणि म्हणाले, "गोड लागतंय रे. पानी पालटलं." यांनी त्यांच्या हातातून पेला घेतला, उरलेलं पाणी एका दमात प्याले आणि म्हणाले, "होय आबा. गोड आहे." मग पेला पुन्हा भरून माझ्यापुढे केला.

पाणी खारं होतं. मी सगळं प्यालो.