तोंडानं बुलेट वाजवणारे मामा

माझे सासरे हंबीरराव, त्यांना मी मामा म्हणते, आयुष्यात शंभर पावलं सलग चालले नव्हते. दारातनं गोठ्यात जायचं तरी बुलेटला किक. सायलेन्सर काढलेला, कारण आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला नदीच्या बांधावर म्हशींची शर्यत असते. मालक गाडी फाडफाड वाजवत पुढं, म्हैस त्याच्या मागं. मामांची हरणी सलग तीन वर्षं पहिली आलेली. चौथ्यांदा आली की ढाल कायमची आमच्या घरात. शेजारच्या जोतीरामची म्हैस तिन्ही वेळा दुसरी. म्हणजे घरात काय वातावरण असेल बघा!

आणि नेमकी गणपतीत मामांची कंबर धरली. राजारामपुरीतला डॉक्टर म्हणाला, "दिवाळीपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. रोज सकाळी शांतपणे चालायचं."

"शांतपणे?" घरी आल्यावर मामा गरजले. "आन् हरणीला कोण पळवणार? त्या डॉक्टरचा बाप?"

बुलेट मला झेपणारी नव्हती, म्हणून मी माझी बॅटरीवरची स्कूटर काढली. हरणीनं तिच्याकडं बघितलं, शेपूट हलवलं आणि बसली ती बसलीच. आवाजच नाही तर पळायचं कशाच्या मागं? मग मामांनी डोकं लढवलं, म्हणजे आमचं वाटोळंच. दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर मामा पुढं, मध्ये हरणी, मागं काठी घेऊन मी, आणि मामा तोंडानं बुलेट वाजवतायत. "डग डग डग, डुर्रर्र!" गिअर बदलताना खोकायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बंधाऱ्यापासनं गावाला पाणी उपसणाऱ्या जॅकवेलपर्यंत एक बगळा जागेवर राहिला नाही.

पण पायी चालायला वेळ लागतो, आणि वेळ असला की माणूस इकडंतिकडं बघतो. आठवड्याभरात मामांना खंड्या दिसला. "आयला, हा निळा कवाधरनं हितं ऱ्हातोय?" साठ वर्षं या गावात काढलेला माणूस! मग बांधावरचा उंबर दिसला, जलपर्णीवरनं टांगा टाकत चालणारा पक्षी दिसला, बंधाऱ्याच्या धारेवर उड्या मारणारे मासे दिसले. काही दिसलं की मामांचं इंजिन बंद. इंजिन बंद की हरणी थांबणार. दोघं उभे राहून बघत बसायचे आणि मी मागं, पोटात चहासुद्धा नाही.

"मामा, ही शर्यतीची तयारी हाय का सहल?" एकदा मी चिडलेच.

"गप गं, उडंल ते," मामा म्हणाले.

पाडव्याला डॉक्टरनं मामांना गाडीवर मागं बसायची परवानगी दिली. स्कूटरवर मी, मागं फेटा बांधलेले मामा, हरणीकडं तोंड करून उलटे बसलेले. "डुर्रर्र!" सगळं गाव खो खो हसलं. पण हरणी अशी सुटली की हसणाऱ्यांची तोंडं तशीच उघडी राहिली. जोतीराम पन्नास हात मागं. ढाल आमचीच!

आणि मामा गप्प झाले.

"मामा, वाजवा की! काय झालं?"

"तेजस्वी, थांब, थांब! पाण्यात बघ, पाणमांजरं! पिल्लंबी हायती की गं!"

हरणी थांबली. जोतीराम धुरळा उडवत पुढं निघून गेला. आणि काय सांगू, सगळी गर्दी नदीकडं वळली. पोरं, बायका, पंचसुद्धा. तिकडं शर्यत संपायच्या दोरीपाशी जोतीराम "जिंकलो! जिंकलो!" ओरडत होता आणि त्याच्याकडं बघायला एक माणूस नव्हता.

घरी मी भांडी आदळत होते. रडू येत होतं मला, खरंच. मामाही धड जेवले नाहीत. ढालीच्या रिकाम्या जागेकडं बघत बसले. त्यांनाही लागलं होतं.

सकाळी बांधावर गेलो तर जोतीराम उभा, चक्क पायी. मला वाटलं, आला हिणवायला.

"आबा," तो मामांना खालच्या आवाजात म्हणाला, "ती पाणमांजरं नेमकी कुठं दिसली? घरात ढालीकडं कोण ढुंकून बघंना. पोरं रात्रभर त्येच सांगत हुती, आन् सगळ्या गावात मी एकटाच बघायचा ऱ्हायलोय."