ज्वारीच्या कोठीतल्या गोळ्या

मला टीबी झाला तेव्हा गल्लीतल्या बायका आमच्या दारावरून जाताना नाकाला पदर लावायच्या. देव सोडले म्हणून घरात रोग शिरला, असं त्या हापशीवर माझ्या सासूला ऐकवायच्या. सासूला मी आत्याबाई म्हणत असे. आमच्या घरात येशूची प्रार्थना त्यांनीच आणली होती. त्या कोणाला उलट बोलल्या नाहीत. पाणी भरून यायच्या आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायच्या. सकाळीही चूल पेटवायच्या आधी त्यांचा हात माझ्या डोक्यावर असायचा.

सरकारी दवाखान्याच्या गोळ्याही मी घेत होते. त्याही आत्याबाईच द्यायच्या. मी गिळली की नाही ते तोंड उघडायला लावून बघायच्या. पण गोळ्यांची पाकिटं त्या ज्वारीच्या कोठीत लपवायच्या, आल्यागेल्याला दिसू नयेत म्हणून.

माझा खोकला गेला, अंगावर जरा मांस आलं. मग त्या हापशीवर सांगू लागल्या, "आमच्या प्रभूनं बरं केलं. ना गोयी, ना सुई." इतके महिने मुकाट्याने ऐकून घेतलं, त्याचं ते उत्तर होतं. मला ते समजत होतं, म्हणून मी गप्प राहिले. तशीही चारचौघांत मला बोलता येत नाही.

रविवारी आमच्याच घरात प्रार्थना भरायची. मेहकरहून पास्टर यायचे. गाणी झाली की ज्याच्यावर प्रभूची कृपा झाली त्याने उभं राहून साक्ष द्यायची, अशी पद्धत. एका रविवारी माझी साक्ष ठरली. आदल्या दिवशी अंगणात तुरीच्या शेंगा सोलताना काय बोलायचं ते आत्याबाईंनी मला शिकवलं. गोळ्यांचं नाव त्यात नव्हतं. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. शेंगा सोलत राहिले.

रविवारी माझ्या शेजारी गल्लीच्या टोकाची एक बाई बसली होती. ती नुकतीच येऊ लागली होती. तिलाही तोच आजार. गाणं चालू असताना ती माझ्या कानाशी लागली. म्हणाली, "मीनंही गोया सोडल्या. म्हतलं, तुह्यासारखंच करावं."

माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले. शिकवलेलं बाजूला राहिलं, तोंडातून खरं तेच निघालं.

"प्रभूनं मले बरं केलं. पण मी गोयाही खाल्ल्या, साऱ्या. आत्याबाईनंच देल्या. रिकामी पाकिटं कोठीत हायेत अजून."

मागे कोणीतरी हसलं. औषधही देवाचंच दान आहे असं म्हणून पास्टरांनी पुढची प्रार्थना सुरू केली. ती बाई माझ्याकडे बघतच राहिली. आत्याबाईंनी पदर कपाळावर ओढून घेतला. तो चहाच्या वेळेपर्यंत तसाच होता.

सगळे गेल्यावर त्या सतरंजी झटकत म्हणाल्या, "खोटं मीच बोलली, तुह्यं काही चुकलं नाही. पण आधी मले घरात सांगतलं असतं, त मी सोता उठून सांगतलं असतं."

पुन्हा त्यांनी हा विषय काढला नाही. माझ्याशी वागणं तसंच राहिलं. पण तेव्हापासून त्या मागे, दाराजवळ बसू लागल्या, आणि साक्षीला कधी उठल्या नाहीत. हापशीवर प्रभूचं नाव काढणंही त्यांनी सोडलं. बायकांनी त्यांना पुष्कळ दिवस कोठीवरून डिवचलं.

त्या बाईने दुसऱ्याच दिवशी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. आता ती चांगली आहे, कापूस वेचणीला जाते. रस्त्यात भेटली की हसते. तिला बघून मला बरं वाटतं.

आत्याबाई मागच्या उन्हाळ्यात गेल्या. प्रार्थना अजून आमच्याच घरी भरते. खरं बोलल्याचं मला वाईट वाटत नाही. पण ते आधी घरात त्यांना सांगायचं होतं, त्यांनाच उठून बोलू द्यायचं होतं. शेंगा सोलताना अंगणात आम्ही दोघीच होतो, आणि टोपलं अजून अर्धं भरायचं होतं.