खिंडीत टेकवलेली डोली

राजूरला आल्यावर थोड्याच दिवसांत माझी प्रार्थना बंद पडली. ती मी ठरवून सोडली नव्हती. देवळाली प्रवऱ्याजवळच्या आमच्या गावात चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला वडील स्तोत्राची एक ओळ म्हणत आणि पुढची ओळ सगळी मंडळी मिळून म्हणत. राजूरच्या खोलीत मी एकटाच होतो. पहिली ओळ म्हणायचो आणि सवयीनं थांबायचो. पुढची ओळ कुठूनच यायची नाही. काही रविवार असे गेल्यावर मी पहिली ओळही म्हणेनासा झालो.

सत्तर सालानंतरची ती पहिली वर्षं. मोठा दुष्काळ अजून यायचा होता. एका मिशन दवाखान्यानं आपल्या जीपगाडीवर काम करण्यासाठी काही तरुणांना शिकायला घेतलं होतं. कुठे अपघात झाला, बाई अडली, कुणाला पान लागलं म्हणजे साप चावला, तर गाडीबरोबर जायचं, जागेवर प्रथमोपचार करायचे आणि माणसाला जिवंत दवाखान्यात पोचवायचं, एवढं आमचं काम. त्या कामाला धड नाव नव्हतं. लोक आम्हाला कंपौंडर म्हणत. शिकवणाऱ्या डॉक्टरबाई कडक होत्या. आम्ही आळीपाळीनं रोगी होऊन जमिनीवर पडायचो आणि त्या डोक्याशी उभ्या राहून बांधलेली पट्टी सोडायला लावायच्या, पुन्हा बांधायला लावायच्या. "रक्त थांबव, श्वास बघ आणि वाटेत थांबू नकोस," हे त्यांचं रोजचं बोलणं. "वाटेत घालवलेला वेळ रोग्याच्या आयुष्यातून वजा होतो."

शिकण्याचा शेवटचा भाग डोंगराकडच्या उपकेंद्रावर काढायचा होता. माझ्या वाट्याला राजूर आलं. दवाखान्याच्या मागची खोली, एक स्टोव्ह, एक खाट. डॉक्टरबाई बाजाराच्या दिवशी येत आणि रोगी तपासून संध्याकाळी परत जात. जीपचा ड्रायव्हर तिथलाच, तो दिवस कलला की घरी जाई. लोक वाईट नव्हते. औषध घेत, हसून बोलत आणि आपापल्या वाडीला जात. माझ्याशी बोलण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. त्यातच एक बाळंतीण जीपमध्ये माझ्या मांडीवर डोकं ठेवून गेली. नातेवाईक तिला घेऊन परतले. मी बादलीभर पाण्यानं गाडी धुतली, खोलीत येऊन भात टाकला आणि तो खाल्ला. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायला कुणी नव्हतं. त्यानंतर मनाशी ठरवलं की येत्या बाजारी डॉक्टरबाई आल्या की सांगायचं, मला हे काम जमत नाही, मी गावी जातो.

तो बाजाराचा दिवस उजाडला, पण डॉक्टरबाई यायच्या आधीच डोंगरापलीकडच्या वाडीवरून निरोप आला. उन्हाळा होता. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची म्हणून लोक झाडांच्या फांद्या तोडत होते. सोमा नावाच्या जवान माणसाची कुऱ्हाड फांदीवरून निसटली आणि स्वतःच्याच मांडीत बसली. जीप रस्ता संपेपर्यंत गेली. पुढे पायवाट होती, मध्ये एक खिंड. ड्रायव्हरला खाली थांबवून मी पिशवी घेऊन चढलो.

जखम खोल होती, पण मी पोचलो तेव्हा रक्त संथ वाहत होतं. शिकवल्याप्रमाणे जाड घडी ठेवली, दाबली, पट्ट्या आवळून बांधल्या. पिशवीतल्या सगळ्या पट्ट्या त्यात संपल्या. रक्त थांबलं. वाडीच्या लोकांनी तोवर बांबूला काळं घोंगडं बांधून डोली केली होती. सोमाला तिच्यात निजवलं, वरून दुसरं घोंगडं पांघरलं. पुढे दोघं, मागे दोघं, बदलीला आणखी चौघं. सोमाचा मामा हिरामण सगळ्यांत वयस्कर, तो पुढचा खांदा सोडायला तयार नव्हता. वाट एका माणसापुरती, म्हणून मी मागे चालत होतो. मला दम लागला की ते हसत.

"कंपौंडर, दमलास तर तूबी बस डोलीत. सोमा सरकंल जरा."

"त्याला नगं रं, त्याच्या वजनानं बांबू मोडंल."

आतून सोमाही काहीतरी पुटपुटला. पुढे तो गप्प झाला. मला वाटलं, झोप लागली.

खिंडीच्या माथ्यावर एक शेंदूर लावलेला दगड आहे. त्याला ते खिंडीतली आई म्हणतात. तिथे पोचल्यावर हिरामामानं हात वर केला आणि डोली खाली घ्यायला सांगितलं. मी पुढे धावलो. म्हणालो, थांबायचं नाही, जीप खाली उभी आहे, उतार उरला आहे फक्त.

"खांद्यावर जे आसंल ते हितं टेकवायचं," मामा म्हणाला. "नवरी आसू दे, मढं आसू दे, न्हाईतर बाजाराचं वझं. टेकवल्याबिगर खिंड वलांडायची न्हाई."

"मामा, वेळ जातोय. माणूस मरेल."

"आन् न टेकवता नेला तर वाचंल, आसं लिवून देतोस का?"

बाळंतिणीच्या वेळी आम्ही कुठेही थांबलो नव्हतो. त्यांनी डोली दगडापुढे अलगद टेकवली. एकानं जवळच्या झाडाची डहाळी तोडून आईपुढे ठेवली. मला करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी सोमाशेजारी गुडघ्यावर बसलो आणि घोंगडं बाजूला करायला हात घातला. हात ओला झाला.

डोलीच्या झोळात त्याचं शरीर मुडपलं होतं आणि मांडीवरची पट्टी सैल पडली होती. रक्त घोंगड्याच्या घडीत साचत गेलं होतं. काळ्या लोकरीवर ते दिसणं शक्य नव्हतं आणि मागून चालणाऱ्याला तर मुळीच नाही. सोमा झोपला नव्हता. त्याचं कपाळ गार पडलं होतं, नाडी बोटाला लागते न लागते. खालच्या रस्त्यापर्यंत आम्ही असेच गेलो असतो तर मी जीपमध्ये काय चढवलं असतं, ते मला त्या क्षणी स्पष्ट कळलं.

मी दोन्ही तळवे जखमेवर रोवले आणि सगळा भार टाकला. पण नुसत्या हातांनी किती वेळ? बांधायला काही नव्हतं. पट्ट्या भिजून दोरीसारख्या झाल्या होत्या. डोलीवाल्यांची मुंडाशी धुळीनं आणि घामानं मळलेली. तेवढ्यात राजूरच्या बाजूनं एक बाई बाजार करून चढत आली. रिवाजाप्रमाणे तिनं डोक्यावरचं गाठोडं आईपुढे टेकवलं, मग आमच्याकडे पाहिलं. तिनं गाठोडं सोडलं, घडीचं नवं लुगडं काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

मी नुसताच बघत राहिलो. हात जखमेवर होते.

"बघत काय बसलास? मामा, तुमी फाडा की! कुणाच्या तोंडाकडं बघताय?"

"बाई, नवं हाय," मामा चाचरत म्हणाला.

"नवं हाय म्हून तर देती. जुनं अंगावर हाय, ते देऊ व्हय?"

त्या परिस्थितीतही डोलीवाल्यांपैकी एक जण हसला. मामानं दातानं काठ तोडून लुगडं उभं फाडलं. मी जाड घडी केली, वरून पट्ट्या ओढून बांधल्या आणि तळहात त्यावर दाबून धरला. रक्त थांबलं आहे की नाही हे कळायला थोडा वेळ जावा लागतो. त्या वेळात हिरामामा दगडापुढे उकिडवा बसला आणि शेजारच्या माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाला, "आई, तुज्यापुढं टेकवलंय. आमचे खांदे हितवर. आता तुजं तू बघ."

तो थांबला. आणि त्या थांबलेल्या जागी माझ्या तोंडून "आमेन" निघालं.

मी ते म्हणायचं ठरवलं नव्हतं. कितीतरी रविवार मी दुसऱ्या आवाजाची वाट पाहत बसलो होतो. या वेळी पहिली ओळ दुसऱ्या कुणी म्हटली होती आणि पुढचा शब्द माझ्याकडे होता. मामानं माझ्याकडे पाहिलं. त्याला तो शब्द ठाऊक नसावा, पण त्यानं मान हलवली.

पट्टी कोरडी राहिली. उतारावर मी डोलीच्या बाजूनं, झुडपांतून, तळहात मांडीवर दाबून वाकूनच चाललो. डोलीवाल्यांनी पावलं माझ्या पावलांशी जुळवली आणि कुणी थट्टा केली नाही. बाईचे आभार मानायचे राहिले. मागे वळून पाहिलं तेव्हा ती गाठोडं डोक्यावर घेऊन पलीकडच्या अंगाला उतरत होती. पुढे मी तिची पुष्कळ चौकशी केली. बाजारच्या दिवशी त्या खिंडीतून कितीतरी बाया जातात, एवढंच लोक सांगत.

डॉक्टरबाई दवाखान्यात आल्या होत्या. त्यांनी जखम शिवली आणि सोमाला पुढे मोठ्या दवाखान्यात नेलं. तो वाचला. थोडा लंगडत चालतो. हात धुताना त्यांनी मला विचारलं, "पट्टी सैल झाल्याचं तुला कुठे कळलं?"

"खिंडीत."

"तिथे का पाहिलंस?"

"त्यांनी डोली टेकवली होती, बाई. मी नको म्हणत होतो."

गावी जाण्याचं मी त्या दिवशी बोललो नाही, नंतरही नाही.

त्यानंतर गाडीवर माझं आयुष्य गेलं. काही माणसं वाचली, काही मांडीवर गेली. कोण वाचेल हे माझ्या हातात नाही, हे आधीही मला ठाऊक होतं. पण तेव्हा त्या गोष्टीनं मी एकटा पडायचो, आता पडत नाही. माझे हात जिथवर पोचतात तिथवर मी काम करतो. तिथून पुढचं ज्याचं आहे त्याच्यापुढे टेकवतो. खिंडीतला दगड आणि आमच्या गावची वेदी यांचा हिशोब मी कधी मांडला नाही. त्या दिवशी मला थांबवलं गेलं, एवढंच मला माहीत आहे, आणि त्याबद्दल मी रोज आभार मानतो.

पुढे नव्या मुलांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. रक्त थांबवा, श्वास बघा, उशीर करू नका, हे मी सांगतोच. शिवाय एक सांगतो. वाट कितीही छोटी असली तरी मध्ये एकदा रोग्याला खाली टेकवायचं, पांघरूण काढून हात लावून बघायचं, मग उचलायचं. मुलं ते प्रथमोपचाराचा नियम म्हणून पाठ करतात. मी त्यांना दुरुस्त करत नाही. ती खाली वाकून पांघरूण उचलतात, तेव्हा मी शेजारी उभा राहून मनातल्या मनात तो एक शब्द म्हणतो.